तिटेचे मासे

रामनगरच्या बाजारात ज्या ज्या दुकानात काचेची पेटी आहे, तिथले मासे बहुतेक आमच्या परसातले. नारिंगी अंगाचे, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असलेले. लोक त्यांना तिटेचे मासे म्हणतात. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावतो ना, तशी. हे नाव कपड्याच्या दुकानवाल्या कान्हूनं दिलं.

"केशरअक्का, लिंबू-मिरची रोज सुकती. ह्यो मासा सुकत न्हाई. नजर लागायची ती ह्येलाच लागू दे," असं म्हणून त्यानं चार मासे नेले. मग किराणावाला आला, मग सलूनवाला. बघता बघता बाजारभर झाले.

हे मासे मी घडवले असं म्हणणं बरं नव्हे, घडवणारा वेगळा. पण जोड्या मी लावल्या. आमचे हे जंगल खात्याच्या लाकूड डेपोतून निवृत्त झाले, तेव्हा परसात पाणी साठवायच्या चार सिमेंटच्या टाक्या रिकाम्या पडून होत्या. खानापूरला रंगीत मासे पाळायचं शिक्षण देतात असं कळलं. आठ दिवस जाऊन शिकले. परत येताना दोन जातींचे मासे आणले. एक प्लॅटी. आखूड, गुबगुबीत, शेपटीजवळ काळा ठिपका. दुसरा स्वॉर्डटेल. लांब, देखणा, नराच्या शेपटीला खाली तलवारीसारखं टोक. पण त्याच्या अंगावर ठिपका नाही. दोन्ही अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लंच देतात. त्यामुळे कोणाचं पिल्लू कोण, हे मला घरातल्या माणसांसारखं ठाऊक असायचं.

माझ्या मनात आलं, ही तीट त्या लांब माशाच्या अंगावर आली तर किती शोभेल. प्लॅटीची मादी आणि स्वॉर्डटेलचा नर एका टाकीत ठेवले. पिल्लं झाली. वाढली तशी त्यांची तीट आईपेक्षा ठळक दिसायला लागली. मला फार आनंद झाला. त्यांतल्या सगळ्यांत काळ्या तिटेच्या माद्या निवडल्या आणि त्यांना पुन्हा स्वॉर्डटेलचाच नर दिला. पुढच्या पिढीतही तसंच केलं. ज्याची तीट ठळक तो ठेवायचा, फिकट तो बाजारात द्यायचा. दोन वर्षं हेच चाललं.

गेल्या दिवाळीनंतर एका मादीची तीट पसरली. आधी मोहरीएवढी होती, मग मसुरीएवढी झाली, मग तिथं चिंचोक्यासारखी काळी गाठ वर आली. शेपूट झिजायला लागली. मासा एका अंगावर कलंडून पोहायचा. खायला धावायचा, पण पोचेपर्यंत दुसऱ्यांनी खाल्लेलं असायचं.

आमचे हे टाकीवर वाकून म्हणाले, "तीट कसली, काजळाची डबीच उपडी झालीया की."

मला हसू आलं नाही. पाणी बदललं. हळद टाकली, मीठ टाकलं, कडुलिंबाचा पाला टाकला. आठवड्याभरात आणखी तिघांना तसंच. सगळे एकाच टाकीतले, सगळे माझ्या निवडीचे, सगळ्यांत सुंदर. शेजारच्या टाकीतल्या साध्या प्लॅटी ठणठणीत. तेच पाणी, तेच खाणं, तोच माझा हात.

माझ्याच हातून काही राहिलं असेल असं मला वाटलं. सोमवार, एकादशी, चतुर्थी आधीपासून होतेच. रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. त्यात गुरुवार वाढवला.

"आजारी मासे, आणि उपास तुला?" हे म्हणाले. "उद्या म्हशीनं दूध चोरलं की मला उपास धराय लावशील."

माझे उपास ह्यांनी कधी अडवले नाहीत, पण बोलल्याशिवाय राहिलेही नाहीत.

त्याच दिवसांत एका शनिवारी वैष्णवी आली.

वैष्णवी माझ्या धाकट्या बहिणीची, कमलची, एकुलती एक मुलगी. जोयड्यात अंगणवाडी चालवते. नवरा नागेश तिथनं गावोगाव जीप फिरवतो. त्यांना सहा वर्षांची मुलगी आहे. वैष्णवी आठ वर्षांची असताना कमल गेली. छातीत गाठ झाली होती. बेळगावला नेईपर्यंत ती काखेत उतरली होती. त्यानंतर वैष्णवी माझ्याकडेच वाढली. माझे सगळे नेम तिनं उचलले. माझ्यापेक्षा काकणभर कडकच.

तिनं माझ्याबरोबर टाक्या धुतल्या. मग स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी बसली. बाहेर हे दिसत नाहीत असं बघून म्हणाली, "मावशी, तुला एक सांगायचंय. घरात अजून कुणाला ठाऊक न्हाई."

"सांग की."

तिनं पदराआडून डाव्या छातीवर दोन बोटं ठेवली. "हितं गाठ लागतीया. हरभऱ्याएवढी. दुखत न्हाई."

माझ्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली.

"दवाखान्यात तपासणीचं शिबिर होतं," ती सांगत होती. "डॉक्टरीणबाईंनी बघितलं. विचारलं, घरात कुणाला झालं हुतं काय. मी म्हटलं, आईला. लगेच बेळगावची चिठ्ठी लिहून दिली. म्हणाल्या, वाट बघू नको. पण त्यांनी तारीख दिली ती सोमवारची."

"मग?"

"मग काय? सोमवार की गं. मी सोळा सोमवार धरलेत. गाठ लागली त्याच आठवड्यात धरले. पाच झाले. दिवसभर बाहेर हिंडायचं, तिथलं पाणी प्यायचं, तपासायला म्हणून काय काय द्यायचे ते. नेम मोडला असता. सोळा होऊ देत, उद्यापन होऊ दे, मग जाते." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "आईसारखं अर्ध्यात न्हाई टाकायची मी."

हे वाक्य माझं होतं. मीच तिला दिलं होतं.

कमलनं लग्नानंतर मूल व्हावं म्हणून सोळा सोमवार धरले होते. अकरा झाले आणि व्रत सुटलं. पुढं मुलगी झाली, आठ वर्षांची झाली, आणि कमल छत्तिसाव्या वर्षी गेली. तेराव्यानंतर मी त्या पोरीला न्हाणीपाशी घेऊन बसले होते. ती विचारत होती, आईला असं का झालं. मी म्हटलं होतं, तिनं देवाचं अर्धं ठेवलं बाळा. तू कधी ठेवू नकोस. मग उरलेले पाच सोमवार कमलच्या नावानं मी पुरे केले.

आता तीच पोर माझ्याकडे बघत होती, बरोबर केलं ना, असं विचारल्यासारखी.

"पुरं कर," मी म्हटलं. "उद्यापनाला मी येते. प्रसादाचा चुरमा मी करते."

ती हसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मलाही बरं वाटलं. आज ते लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहू नये. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात गाठीचे मासे अकरा झाले. मग ह्यांनीच मोबाइलवर फोटो काढून सोनियाला पाठवले. सोनिया जोयड्याच्या डोंगरातली, कुणब्यांची मुलगी. खाली किनाऱ्याकडे जाऊन माशांचं शिक्षण घेतलेली. खानापूरच्या वर्गात तिनंच आम्हाला शिकवलं होतं. रविवारी सकाळी ती आपल्या स्कूटरवरून आली. चहासुद्धा न घेता टाकीपाशी उकिडवी बसली. एकेक मासा ओंजळीत घेऊन बघितला.

"अक्का, ह्याची आई कोण?"

"माशाला सोयरीक आणलीस काय गं, वंशावळ विचारतीस ती?" हे मागून म्हणाले.

"तसंच समजा काका." ती हसली नाही. "सांगा अक्का. आई कोण, बाप कोण, आज्जी कोण."

मला सगळं पाठ होतं. प्लॅटीची आज्जी कुठल्या टाकीतली, तिला कुठला नर दिला, त्या पिल्लांतल्या कुठल्या माद्या निवडल्या, त्यांना पुन्हा कोण दिला. मी सांगत गेले आणि सोनियाचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला.

तिनं अंगणातले चार काळे खडे वेचले आणि फुटक्या कौलाचे चार तुकडे घेतले. ओट्यावर मांडले.

"हा काळा खडा म्हणजे तीट. अंगावर काळा रंग वाढवायची ताकद. आणि हा कौलाचा तुकडा म्हणजे लगाम. प्लॅटीजवळ दोन्ही असतात. तीट पण असती, आणि तिला आवरणारा लगाम पण असतो. म्हणून तिची तीट ठिपक्याएवढीच राहती. कळलं?"

"कळलं."

"स्वॉर्डटेलजवळ दोन्ही नसतात. तीट न्हाई, म्हणून लगामाची गरजच न्हाई. आता लेकराला निम्मं आईचं मिळतं, निम्मं बापाचं. तुमच्या पहिल्या पिल्लांत तीट आली, पण लगाम निम्माच आला. म्हणून तीट जरा पसरली. तुम्हाला ती छान दिसली."

"व्हय," मी म्हटलं.

"त्या पिल्लांना तुम्ही परत स्वॉर्डटेल दिला. आता काहींच्या वाट्याला तीट आली," तिनं एक काळा खडा पुढं सारला, "आणि लगाम आलाच न्हाई. मग तिला कोण आवरणार? ती वाढतच जाती. ह्यालाच कॅन्सर म्हणतात अक्का. माशांचा. फार पूर्वीपासून शिकलेल्या लोकांना ठाऊक हाय हे. दोन जातींची अशी जोडी लावली की होतं."

"पाण्याचा दोष न्हाई?"

"न्हाई."

"खाण्याचा?"

"त्येच खाणं शेजारच्या टाकीला हाय की."

मी विचारलं, "माझ्या हातचं काही चुकलं?"

"हातचं इतकंच, की पिल्लं निवडताना तुम्ही नेमकी सगळ्यांत काळी तीट निवडली. जी पिल्लं लगामावाचून होती तीच तुम्हाला देखणी वाटली. पण तुम्हाला कोण सांगणार हुतं? मी वर्गात सांगायला पायजे हुतं. माझं राहिलं."

"आणि त्या माशांनी? त्यांनी काय केलं होतं?"

सोनियानं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "मासा काय करणार अक्का? जन्माला येतानाच घेऊन आला."

ती खडे गोळा करत होती. मी विचारलं, "माणसांत पण असं असतं?"

"माणसांचं इतकं सोपं न्हाई. आणि मी माणसांची डॉक्टर न्हाई. पण काही घरांत असं उतरतं, येवढं मला ठाऊक हाय. आईकडनं लेकीला, लेकीकडनं तिच्या लेकीला. उतरलं म्हणजे होतंच असं न्हाई. आणि माशाला मी काय करू शकत न्हाई, माणसाला करता येतं. लौकर गेलं तर." ती उठली. "का अक्का? कुणाला हाय?"

मी उरलेले कौलाचे तुकडे गोळा करायला वाकले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

ती गेल्यावर मी दिवेलागणीपर्यंत टाकीपाशीच होते. मला माझी आई आठवत होती. आईनं आयुष्यात एक उपास मोडला नाही. ज्वरात सुद्धा नाही. तिलाही छातीत गाठ झाली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ती गेली. आम्ही घरात सगळे म्हणत आलो की म्हशीनं लाथ मारली, तिथं रक्त गोठलं, त्याची गाठ झाली. म्हशीची लाथ मी स्वतः बघितली नव्हती. कोणीच बघितली नव्हती. आईचा दोष काढता येत नव्हता, म्हणून म्हैस आणली. कमलचा काढता येत होता, म्हणून काढला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. वैष्णवीचा सातवा, आणि माझाही नेहमीचा. तुळशीला पाणी घालून मी जोयड्याची पहिली बस धरली.

वैष्णवी ओटा सारवून उठत होती. मला बघून तिचा हात तसाच राहिला. "मावशी? आज? सोमवारी तू उंबरा ओलांडत न्हाईस."

"बेळगावची चिठ्ठी कुठं हाय?"

"कशाला?"

"नागेशरावांना बोलीव. जीप काढू देत. आज जायचं."

"आज सातवा हाय माझा."

"ठाऊक हाय मला."

ती खाली बसली. "तूच म्हणालीस की पुरं कर म्हणून."

"मी चुकले, वैष्णवी."

मी तिला मासे सांगितले, खडे आणि कौलाचे तुकडे सांगितले. मला सोनियासारखं नीट सांगता आलं नाही. ती ऐकत राहिली आणि मग तिचा आवाज चढला. लहानपणापासून माझ्यासमोर तो कधी चढला नव्हता.

"म्हणजे तुझे मासे मेले म्हणून मी माझं व्रत मोडू? मासा आणि मी एकच काय? आता मला पण टाकीत ठेवणार हाईस?"

"तुझ्या आज्जीला पण हेच झालं होतं."

"तिला म्हशीनं मारलं होतं."

"न्हाई. आम्ही म्हणायचो तसं. आईच्या छातीत गाठच होती. तिनं एक नेम मोडला नव्हता, वैष्णवी. एकसुद्धा न्हाई."

मग तिनं अगदी हळू विचारलं, "आणि आईनं?"

एकोणतीस वर्षं जे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही, ते मला त्या ओट्यावर बसून सांगावं लागलं.

"कमलनं व्रत टाकलं न्हाई. मी मोडलं. बारावा सोमवार होता. तू पोटात होतीस, तिसरा महिना. तिला पाणी ठरत नव्हतं. विहिरीपाशी ती पडली. मी तिला आत आणलं, पेज केली, मीठ घातलं, आणि चमच्यानं तिच्या तोंडात घातली. ती मान हलवत होती. नको नको म्हणत होती. मी ऐकलं न्हाई. तिला म्हटलं, पाप लागलं तर मला लागू दे. नंतर तिला वाटायचं परत पहिल्यापासून धरावं, पण तुझ्या मागं जमलं न्हाई."

"मग मला तू..."

"ती गेली तेव्हा मला वाटलं, माझ्या त्या पेजेनं ती गेली. मला ते झेपलं न्हाई. मी ते उचलून तिच्या नावावर टाकलं. आणि तुला सांगितलं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. सारवणाचा हात तिनं मांडीवर तसाच ठेवला होता, साडीला शेण लागत होतं.

"मी आठ वर्षांची होते मावशी," ती म्हणाली. "तिच्या फोटोला हार घालताना पण माझ्या मनात हेच यायचं. पाच सोमवार. पाचच राहिले होते. आई, तेवढे पण माझ्यासाठी तुला जमले न्हाईत? एवढी वर्षं मी माझ्या आईवर रागावलेली होते. तू बसवलंस ते माझ्या डोक्यात."

"व्हय."

"व्हय काय म्हणतीस? काहीतरी बोल की!"

क्षमा मागितली असती तर तिला लगेच देणं भाग पडलं असतं. तेवढं ओझं तिच्यावर टाकायचं नव्हतं.

तेवढ्यात नागेश आत आला. चौकात जीप उभी करून चहा प्यायला आला होता. मला बघून म्हणाला, "अरे वा, मावशी! सोमवारचं दर्शन! काय विशेष?" मग आमचे चेहरे बघितले. "काय झालं? कोण गेलं?"

मी वैष्णवीकडे बघितलं. हे तिनंच सांगायचं होतं. तिनं उठून हात धुतले, पदराला पुसले, देवामागं ठेवलेली घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि नागेशच्या हातात दिली.

त्यानं वाचली. पुन्हा वाचली. "ही दीड महिन्यापूर्वीची हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"आणि तू मला..." तो भिंतीला टेकून खाली बसला. मग उठला. "गाडीत माणसं बसलीत. उतरवून येतो."

तो गेल्यावर वैष्णवी देवासमोर जाऊन उभी राहिली. मी बाहेरच थांबले. जरा वेळानं आतून तिचा आवाज आला. "ह्याचं काय करायचं मावशी? सोळा सोमवार बोललेय मी देवाला."

"बोललीस ते कर. परत पहिल्यापासून धर, मी पण धरते. आयुष्यभर करू. पण गाठीला त्यात गुंतवू नकोस. ती तुझ्या नेमानं आली न्हाई, नेमानं जायची पण न्हाई."

"मग नेम कशाला करतीस तू?"

"त्याच्यापाशी बसायला मिळतं म्हणून," मी म्हटलं. ते खरं होतं की त्या क्षणी सुचलं, हे मला अजून माहीत नाही.

खानापुरापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मुलीला मांडीवर घेऊन पुढं बसली होती. खानापूर मागं टाकल्यावर मान न वळवता म्हणाली, "आई त्या दिवशी रडली होती काय? पेज खाताना?"

"रडली होती. पण खाल्ली सगळी. दोन दिवसांची उपाशी होती. मग म्हणाली, मीठ जरा जास्त झालंय गं."

वैष्णवीच्या खांद्याची हालचाल झाली. ती हसली की रडली, मागून कळलं नाही.

बेळगावच्या दवाखान्यात तारीख गेलेली असली तरी चिठ्ठी चालली. सुईनं गाठीतलं काही काढून घेतलं. उत्तराला आठ दिवस.

ते आठ दिवस मी रामनगरात काढले. गाठीच्या माशांची टाकी वेगळी केली. त्यांना मारणं माझ्याच्यानं झालं नाही. पोहतात तोवर पोहू देत, म्हणून ठेवले. नवीन जोड्या बंद. प्लॅटीला प्लॅटी, स्वॉर्डटेलला स्वॉर्डटेल. कान्हू आला, दुकानातले दोन मेले म्हणून नवे मागायला.

"तिटेचे न्हाईत आता. बिनतिटेचे ने."

"बिनतिटेचे घेऊन काय करू अक्का? मग नजर?"

"दुकान झाडून ठेव. नजर आपोआप चांगली पडंल."

तो हसत गेला. मी टाकीपाशी उभी होते. त्याला खरं कारण सांगायला हवं होतं, आणि दोन दिवसांनी बाजारात जाऊन सांगितलंही. त्याला पूर्ण पटलं नाही.

नवव्या दिवशी आम्ही पुन्हा बेळगावला गेलो. गाठ कॅन्सरचीच होती. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, लहान आहे, काखेत उतरलेली दिसत नाही, शस्त्रक्रियेची तारीख याच आठवड्यात देते. सोळा आठवडे थांबला असतात तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. नागेशनं वैष्णवीचा हात धरला होता, सगळ्यांसमोर. जोयड्यात त्यानं तसा धरला नसता.

मग बाईंनी एक कोरा कागद घेतला. "घरातल्या बायकांची नावं सांगा. वरून सुरुवात करा."

मी सांगत गेले. त्या एकेका बाईचं एकेक वर्तुळ काढत होत्या. आईच्या वर्तुळात त्यांनी आडव्या रेघा मारल्या, खाली वय लिहिलं, चव्वेचाळीस. कमलच्या वर्तुळात रेघा मारल्या, छत्तीस. खाली वैष्णवीचं, एकोणतीस. त्याखाली तिच्या लेकीचं लहानसं, कोरं.

"वैष्णवीचं रक्त आपण पाठवणार आहोत," त्या म्हणाल्या. "आईकडून काही उतरलंय का ते त्यात कळेल. म्हणजे पुढं मुलीची काळजी कधीपासून घ्यायची तेही ठरवता येईल." मग पेनाचं टोक कमलच्या शेजारच्या वर्तुळावर टेकलं. "आणि ह्या मोठ्या बहीण? ह्यांना काही नाही. ह्या कुठं असतात?"

"मी," मी म्हटलं. "मी ती."

त्यांनी मान वर केली. "तुमची कधी तपासणी?"

"न्हाई."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"तुमच्यातही उतरलेलं असू शकतं. आजवर काही झालं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. तुमचंही रक्त घेऊ?"

इतकी वर्षं ते वर्तुळ कोरं का राहिलं, ह्याचं कारण माझ्यापाशी होतं. ते मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रोज सकाळी तुळशीपाशी उभी राहताना मनात कुठंतरी असायचं. मी नीट केलं, म्हणून मी राहिले. आई आणि कमल गेल्या, मी राहिले. हात पुढं केला की ते कारण सोडून द्यावं लागणार होतं. रक्तात काही निघालं तरी, आणि नाही निघालं तरीही. आणि मला भीती वाटत होती. वैष्णवीला सातव्या सोमवारी घराबाहेर काढताना मला कळलं नव्हतं की ती किती असते.

वैष्णवी माझ्याकडे बघत होती. त्या दिवसापासून ती मला पूर्वीसारखं मावशी म्हणत नव्हती, काही लागलं तरच बोलायची. आताही ती जा म्हणाली नाही की नको म्हणाली नाही. तिनं फक्त शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे मला बसायला जागा झाली.

मी बसले. नर्सनं दंडाला रबर बांधलं आणि मूठ आवळायला सांगितली. मी आवळली.